सहाचा पत्रा

आमच्या पंपावरच्या दराच्या फळ्याला दोनच खाने होते.
करणाऱ्यानं हिशेब केला असेल,
पेट्रोल कशाला जातंय नव्व्याण्णवच्या पुढं.
शंभर ओलांडले त्या सकाळी
मालकांनी मला शिडीवर चढवलं.
मी डाव्या अंगाला तार गुंडाळून
पत्र्याचा एक टांगला.
तो अजून वाऱ्यानं वाजतो,
बाकीचे आकडे गप्प असतात.

मी आम्रपाली. मांडवा फाटा, तालुका भूम.
सहाचा पत्रा मागच्या वावटळीत उडाला,
तेव्हापासून नऊ उलटा टांगते.
कुणाच्या ध्यानात आलं नाही.
पैसे मोजताना माणूस
आकड्याचं डोकं कुठंय अन् पाय कुठं, बघत नाही.

खाजाभाई ओम्नी घेऊन येतात, आत नऊ बायका.
"शंभराचं टाक, पोरी."
तीन वर्षांमागंही शंभराचंच म्हणायचे.
त्यांचा शंभर हललेला नाही, रस्ता लांबलाय.
उतार लागला की ते इंजिन बंद करतात,
आणि बायका बोलायच्या थांबतात,
जणू बोलण्यानंही जळतं थोडं.

आता पेट्रोलात ऊस असतो म्हणे.
ज्याची जुनी फटफटी चालू होत नाही
तो माझ्याशी भांडतो.
मी नळीचा वास घेऊन पाहिला,
गुळाचा येत नाही.

समोरच्या माळावर चौतीस पंखे.
पवनचक्की हा पेपरातला शब्द.
गावात पंखाच म्हणतात,
वारं देत नाही, घेतो, तरीही.
ते आले तेव्हा भाऊसाहेबांनी मोर्चा काढला होता,
आमच्या माळाचं वारं आमचं!
मीही गेले होते, वडापाव होता.
पुढच्या महिन्यात पंख्यांच्या रस्त्याचा मुरूम
त्यांच्याच टिपरात होता,
टिपरातलं डिझेल आमचं,
आणि उधारीच्या वहीत त्यांचं पान
अजून संपायला तयार नाही.

औंदा ते चार्जिंगचं मशीन घेऊन आले.
फीत, नारळ, पावडर लावलेली दोन पोरं.
"तेलाचे दिवस भरले," म्हणाले माईकवर.
मी मागं नळी धरून उभी,
त्यांच्या गाडीत बासष्ट लिटर गेलं होतं.
बटण दाबलं आन् लाइट गेली.
नारळ तेवढा फुटला.
मशीनच्या सावलीत आता कुत्री व्याली आहे,
चार पिल्लं, एक काळं.

रात्री साडेनऊला भागिनाथ येतो.
सतरा नंबरच्या पंख्याचा राखणदार.
सायकलला कॅन. दोन लिटर डिझेल.
पहिल्यांदा विचारलं, "काय करलालास याचं?"
"जनरेटर. खोलीत उजेड नको व्हय?"
मी हसले. तो हसला नाही.
"वरून जाती," म्हणाला, बोट आभाळाकडं करून,
जसं कुणी विमान दाखवतं.
"आमच्यासाठी थांबत नाही."
"मग सोलरची प्लेट घे की."
"दिली होती कंपनीनं. चोरीला गेली."
"राखणीला कोण होतं?"
कॅनचं टोपण घट्ट करीत म्हणाला,
"मीच की."
त्याची सायकल चढाला लागली.
वर चौतीस लाल दिवे एकदम लागत होते,
एकदम विझत होते,
त्यांच्या बुडाशी कुठंतरी
आता तो दोरी ओढेल.

आज सकाळी मेसेज आला, दरात बदल नाही.
तरी शिडी लावली.
उलट्या नऊला हात घातला, सरळ केला.
एकशे नऊ.
तीन रुपये मी वाढवले,
कुणाला न विचारता, कुठली बैठक न घेता.
वरून माळ दिसत होता.
पंखे फिरत होते, एक बंद होता,
सतरावा की काय, इतक्या लांबून कळेना.

उतारावरून ओम्नी येत होती,
इंजिन बंद, बायका गप्प.
पत्र्याचा एक वाजला.
मी नऊ परत उलटा केला
आणि खाली उतरले.