नाव द्या

लेकीने वेर्ण्याहून पाठवलेला पट्टा
कुरिअरवाल्याने तरीवरच दिला ह्यांच्या हातात,
पलीकडे जायचे दहा रुपये चुकवून.

बांबोळीला छातीत जाळी बसवली
त्याला चतुर्थीला वर्ष होईल.
वल्हं सोडा, म्हणाले होते डॉक्टर.
ह्यांनी विड्या सोडल्या.

पट्टा ह्यांच्या मनगटावर, फोन माझा, पडवीतल्या फळीवर.
दोघांची गाठ घालून द्यायची, बस,
पाच मिनिटांचं काम, आई.
पाच मिनिटांत वाटीभर कालवंसुद्धा फोडून होत नाहीत.

फोन शोधायला लागला. सापडलं काय काय:
मेस्त्रींचा टेम्पो, शाळेचा स्पीकर,
'सागरकन्या साऊंड', आणि कुणाचा तरी 'डॅडी'.
आमचा पट्टा तेवढा नाही.
'डिव्हाइस जवळ आणा.'
"अहो, जवळ या."
हे खळ्यातून उठून आले. शेजारी टेकले.
असं मी कितीतरी दिवसांनी म्हटलं होतं.
दोघंही जरा गप्प.

मग आकडा आला. दोन्हीकडे एकच दिसतो का, बघा.
ह्यांचा चष्मा होडीत राहिलेला.
मनगट मीच धरलं, मीच वाचलं,
तीन एक सात, सात शून्य चार,
अलीकडून मी, पलीकडूनही मीच.

'डिव्हाइसला नाव द्या.'
"नाव? नाव एकच आसा माझी," हे म्हणाले,
"ती कित्याक दिव?"
मी 'नंतर'वर बोट ठेवलं.
छत्तीस वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही,
रेशनच्या रांगेतही मागच्या बाईला सांगायला लावते.

सकाळी सात दहाला हे घाटी उतरतात.
पाचवी पायरी, सहावी, आणि फळीवर थरथर:
'संपर्क तुटला.'
काय ही बोलायची रीत!
आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो.
दारातून निघालेला माणूस 'जातो' म्हणाला
तर परत बसवून पाणी देतो.
आणि हा, सकाळच्या पारी.

दिवसभर पट्टा तिकडे, फोन इकडे, मध्ये खाडी.
संध्याकाळी सगळं एकदम ओततो,
पाटीतून मासळी ओतावी तसं:
अकरा हजार नऊशे पावलं.
होडीत उभ्या माणसाची!
वल्ह्याचा एकेक हिसका पाऊल म्हणून धरलेला.
"म्हणजे सर्जेकोटाक मी चलत जातंय," हे हसले,
"पाण्यावरसून."

एका मंगळवारी लाल टोक दिसलं.
अकरा वीस. ठोके एकशे बेचाळीस.
"अकराक खंय होतात?"
"खंय असतलंय? तरीर."
"आणि काय झाला?"
"काय नाय गो. सुकती होती. मुखार ओढ लागली."
मी भात वाढला, बिनमिठाची कढी वाढली.
ह्यांचा सदरा वलणीवर, अजून ओला.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाई
दोन नारळ ठेवून गेल्या.
कशाबद्दल, ते बोलल्या नाहीत.
त्यांचा धाकटा पदराआडून
ह्यांच्याकडे नुसता बघत राहिला.

त्या रात्री मी फोन उघडला. नाव बदला.
पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा, बोट आपसूक गेलं.
मग आठवलं सकाळी हा काय म्हणेल,
कोण तुटला म्हणेल.
पुसलं.

विड्या सुटल्या तसा ह्यांचा खोकला गेला.
पूर्वी उंडीच्या वळणावर तो आधी यायचा,
मागून हे.
तो ऐकला की मी तांदूळ वैरायचे.
वर्षभर मांजरासारखे येतात,
पाठीमागे उभे राहून दचकवतात.

तेच लिहिलं.

आता सकाळी फोन म्हणतो:
'खोकला. संपर्क तुटला.'
तुटू दे मेला, बरंच झालं.
आणि दिवेलागणीला, आधण खळखळत असताना,
फळीवर थरथर:
'खोकला जोडला गेला.'

वैरते.