सिंगल ब्लॉक

उद्यमबागेत सात ते साडेतीन लेथ.
मग हात रॉकेलनं, मग राखेनं, मग साबणानं,
तरी नखांच्या कडेला काळं राहतंच.
तेच हात घेऊन सहाला अनगोळात चढतो
हार्डवेअरच्या दुकानावरचा जिना.
बावीस वर्षांची विद्याश्री अंगडी
मला सर म्हणते,
आणि बाकावर बसवते.

वर्गात अकरा जण. दहा पोरं,
मी त्रेचाळीस.
पहिल्या दिवशी एकानं विचारलं,
काका, कुणाला सोडायला आलाय?

ती कानडीत सुरू करते, मराठीत वळते,
इंग्रजीत अडकली की हसते.
जी शून्य शून्य : वेगानं जा, काही कापू नको.
जी शून्य एक : सरळ जा, कापत जा.
मी देवनागरीत उतरवतो,
शेजारचा बसवराज कानडीत,
मशीनला दोन्ही वाचता येत नाही.

एकोणीस वर्षं माप मनगटात होतं.
हँडल किती फिरवायचं ते त्याला ठाऊक,
चिपचा रंग बघून सांगायचो
टूल बसलं म्हणून.
आता मनगटानं गप बसायचं.
आधी लिहायचं, मग काचेपलीकडं बघत उभं राहायचं.
सगळ्यात जड हेच गेलं,
हात मागं घेऊन उभं राहणं.

तिसऱ्या आठवड्यात शून्य आला.
मशीनचा एक शून्य असतो, कोपऱ्यात, तो हलत नाही.
जॉबचा शून्य आपण ठरवायचा.
मी दोनदा विचारलं, कुठंही?
ती म्हणाली, जॉब जिथं असेल तिथं.

येळ्ळूरला घरी पोचेपर्यंत साडेनऊ.
शेवंताच्या शिलाई मशीनवर एकच ट्यूब.
ती ब्लाउजला हुक लावते,
मी तिच्याच उजेडात एक्स आणि झेड.
एक्स व्यासात धरायचा, टूल मात्र निम्मंच सरकतं,
हे काही केल्या डोक्यात बसेना.
तर म्हणाली, अहो, कापड दुमडून
निम्म्यावरच कापतो की आम्ही,
उलगडलं की पुरं माप. तसंच असंल ते.
खरं तिनं ती मशीन बघितलेली नाही अजून.

गेल्या महिन्यात पाळीवर डोळा लागला.
दोन-तीन सेकंद असतील.
साठ व्यासाचा जॉब अठ्ठावन्नवर आला.
सुपरवायझर मुचंडीकरनं तो टेबलावर ठेवला,
बोलला नाही,
पगारातनं कापलंही नाही, तेच जास्त लागलं.
तो तुकडा पिशवीत टाकून मी वर्गात नेला.
का नेला, माहीत नाही.
कुणाला दाखवला नाही.

शनिवारी वर्गातली मशीन किरकिरली.
पोरं पडद्यावरच्या ओळी तपासत राहिली.
मी म्हटलं, टूल लई बाहेर काढलंय, आत घ्या.
विद्याश्रीनं विचारलं, कसं कळलं?
कानडीत सांगता येईना,
मराठीतही येईना नीट,
दातावर दात घासून दाखवले.
तिनं वहीत लिहून घेतलं काहीतरी.
कुठल्या अक्षरांत लिहिला असेल
माझा तो आवाज?

सिंगल ब्लॉक नावाचं एक बटण असतं.
ते दाबलं की मशीन एकच ओळ वाचते,
तेवढंच करते, थांबते.
हिरवं बटण दाबेपर्यंत
पुढं काय लिहिलंय ते तिच्या गावीही नसतं.
नवशिक्यांनी असंच चालवायचं म्हणतात.
मी सध्या असाच चाललोय.
पाळी.
जिना.
येळ्ळूरची बस.
ट्यूब.

मालकाला सांगितलेलं नाही.
शेडच्या टोकाला नवी मशीन येऊन पडलीय,
प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
डबा घेऊन मी तिच्या शेजारी बसतो.
भाकरीचा हात पुसून
पॅनेलवर बोट फिरवतो,
प्लास्टिकवरूनच.

हिरवं कुठंय ते सापडलंय.