चार चॅनल

महाराणी रोडवरचा दुकानदार म्हणाला,
कॅमेरे दोनच घ्या वहिनी, पण डीव्हीआर चार चॅनलचा.
उद्या भीती वाढली तर?

धर्मेश आला, शिडी, ड्रिल,
भिंतीची भुकटी माझ्या सांडग्यांवर.
एक डोळा फाटकावर, एक जिन्यावर,
वायर कुंड्यांमागून.
"पंधरा दिन रहेगा आँटी, फिर अपने आप मिट जाएगा."

चोर हवा होता मला,
दिवाळीआधी पाण्याची मोटर नेणारा.
रात्री उशीवर मोबाइल टेकवून मागे मागे गेले:
कुत्रं. दूधवाला.
गाणं वाजवत येणारी कचरागाडी, इथे मुकी.
माझीच टाळू, वरून, किती विरळ.

आणि सात चाळीसला हे.
स्कूटर बंद, हेल्मेट डोक्यावरच,
फाटकापासून चार पावलांवर
अकरा मिनिटं तसेच बसलेले.
त्याच्या आदल्या दिवशी नऊ. शुक्रवारी चौदा.
मग आत येऊन नेहमीसारखं,
काय गं, आमटी कसली?

विचारलं नाही.
सकाळी स्टूल घेतलं,
कॅमेऱ्याची मान जराशी वळवली
करंदीकरांच्या बदामाकडे.

आता सात चाळीसला
गॅस बारीक करते
आणि मोजते.