मागची खोली

या आत. चौकट बुटकी हाय, डोकं सांभाळा.
सोयी काय हाईत म्हणून फोनवर विचारलासा न्हवं,
हे मागचं दार उघडतो, इथनंच दाखवतो.
(वडगावात बायकापण येतो-जातोच म्हणतात.
पुण्याची माणसं हसतात. हसा.
भाडं तेवढंच ऱ्हाणार.)

ती समोर कल्लाप्पाची गिरण.
सकाळी जोंधळं, दुपारनंतर मिरची.
मिरचीच्या दिवशी सगळा क्रॉस शिंकतो,
आणि जो शिंकत न्हाई
तो गावाला गेलाय म्हणून समजायचं.

सीबीटीची बस वळणावरनं जाते.
थांबा म्हणजे ती चिंच.
चिंचेखाली उभं ऱ्हायलं की थांबतो ड्रायव्हर,
पावसाला भिऊन पत्र्याखाली गेलं
की थांबत न्हाई. त्याचा नेम हाय तसा.

दवाखाना सरकारी, दुसऱ्या क्रॉसला.
नर्सबाई गदगकडच्या. मराठीत
'दुखतंय' आणि 'भ्याचं न्हाई' एवढं दोनच येतंय,
बारा वर्षं काढली तेवढ्यावर.

लाइटचं बिल कन्नडात येतं, घाबरू नका.
कोपऱ्यावरची दानम्मा सहावीला हाय,
सांजच्याला कट्ट्यावर बसून गल्लीची बिलं वाचते.
एका बिलाला एक चिक्की.
आकडा वाचते, तारीख वाचते, अर्थ सांगते.
'बाकी' आली की अर्थ सांगत न्हाई.
बाकी तिकडंपण बाकीच.

पाण्याचं खरं सांगतो.
आठव्या दिवशी येतंय, कधी दहाव्या.
इराप्पा येतो, सायकलच्या दांडीला
माणसाएवढी लोखंडी चावी बांधून,
खड्ड्यात वाकतो, दोन येढं फिरवतो,
आणि वरडतो, "नीर बंत्री!"
रात्री दोनला आला तरी कोण शिवी देत न्हाई.
घागरी, बॅरल, कुकर, देवाचा तांब्यासुद्धा
रांगेला लागतो.

आता चोवीस तास पाणी येणार म्हणतात.
रस्ता खणून ठेवलाय, बघितलासा येताना.
मीटर बसवून गेलेत, काटा हललेला न्हाई अजून.
परवा इराप्पा च्याला टेकला, म्हणाला,
अक्का, पाणी आपलं आपण यायला लागलं
तर मी कुणाच्या दारात येऊ?
मी कपबशी विसळत बसलो.

आणि ही खोली.
बाहेर पाटीवर 'मागची खोली' लिव्हलंय,
माणसं मागल्या अंगाची समजतात.
ते पण खरंच की.
पण हितं दोन माग होते.
फरशीवरनं अनवाणी पाय फिरवा,
आठ ठिकाणी उंचवटा लागंल, बोल्टाची भोकं भरल्याली.
त्या कोनाड्यात धोटं ठेवायचो.
भिंतीला कान लावू नका, चुना लागतोय.

मालकांनी किलोवर घातलं सगळं.
तराजू कमी पडला, दोनदा मोजायला लागलं.
त्या रात्री खडखड थांबली
आणि शेजारची तान्ही पोरगी उठून बसली.
रडली न्हाई. नुसती
इकडं तिकडं बघत ऱ्हायली, तिची आई सांगत होती.

तुम्हाला रात्रीचा आवाज चालतोय काय?
पल्याड बुचड्यांचे दोन चालू हाईत अजून.
ऐका.
तो डावा, त्याचा धोटा जरा अडकतो.
पट्टा सैल हाय, दहादा सांगितलं.

थांबला बगा.
दोरा तुटला असंल.

गप जरा. जोडू दे.

हां.

तर भाडं तीन हजार, लाइट वेगळं.
पाण्याच्या दिवशी तुमची घागर
माझ्या घागरीच्या मागं लावायची.
जाताना डोकं सांभाळा.