जडवस्तू संग्रह नोंदवही

पहिल्या पानावर माझंच अक्षर आहे:
गोळे चार, थाळ्या तीन, पैकी एक चिरलेली,
बांबूचे भाले दोन,
फक्कीची पोती सहा,
शिट्टी एक.
आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं:
स्पाइक्स, मुलींचे, साईज सहा, जोड एक.

विद्यापीठाच्या संघात तेव्हा मुली दोनच.
चारशेवाली पळून आली की कडेला बसून बूट काढायची
आणि आठशेवाली त्याच गरम बुटांत पाय घालायची.
एकीला घट्ट, दुसरीला सैल.
सैल व्हायचे ती इंदुमती काळोखे, वडगाव मावळची;
टाचेत वर्तमानपत्राचा बोळा कोंबून पळायची.
पळताना बातम्या बाहेर यायच्या.

गणेशखिंडीत उजाडायच्या आत
डालड्याच्या डब्याला भोकं पाडून
मी सहा लेन आखायचो.
सहावीत कायम गवत.
कानडे सर म्हणायचे, राहू दे गव्हाणे,
एवढी माणसं आहेत कुठे आपल्याकडे?

इंदुमती ग्वाल्हेरला गेली, आठशेत चौथी आली,
स्टेशनावरून परस्पर गावी गेली.
मागोमाग पत्रिका. वर लिहिलेलं: स्टोअरवाले दादा.
गेलो. जिलेबी खाल्ली.
मांडवात बूट कसे मागायचे?
तिच्या पायांत नवी जोडवी,
माझ्या वहीत जोड एक, येणे.

मग वही जाड होत गेली.
लाकडी अडथळे आले, बाद झाले, ॲल्युमिनियमचे आले.
उंच उडीची गादी दारातून आत जाईना;
दार काढलं,
तर त्या दाराचंही निर्लेखन करावं लागलं, तीन प्रतींत.
लाल ट्रॅक आला. आठ लेन. गवत कुठेच नाही.
रेघा एकदाच मारल्या, माझ्याशिवाय.
फक्कीची पोती शिल्लक दोन. दगड झालेली.

आता मुलीच सत्तेचाळीस.
पोपटी, केशरी, जांभळे बूट, ज्याचे त्याचे.
काका, कपाटाची किल्ली द्या ना, म्हणतात.
मनगटावरचं घड्याळ त्यांच्या छातीचे ठोके मोजतं.
माझ्याकडे त्याला रकाना नाही.
भाला फेकणारी एक रोज माझ्या खिडकीखाली केळी खाते
आणि साली मोजून आहारवाल्या मॅडमना कळवते.
हसायचं नाही, असं मी ठरवलंय.

दर मार्चला ऑडिटचे ओगले यायचे.
गव्हाणे, पंच्याऐंशी रुपये भरा, प्रकरण मिटवा.
भरले असते हो.
पण मग लिहावं लागलं असतं:
वस्तू मिळाली नाही, नोंद बंद.
म्हणून पुढच्या पानावर, पुढच्या वहीत,
छत्तीस वर्षं, मी तो जोड पुढे ओढत आणला.

काल चार्ज द्यायला बसलो.
नवीन आलेली तन्वी पायगुडे सगळं कॉम्प्युटरवर चढवते.
काका, या बुटांची स्थिती विचारतोय हा.
चालू, नादुरुस्त की बाद?
बाहेर सराव सुटत होता,
सहाव्या लेनमध्ये एकटीच कुणी
अजून एक फेरी मारत होती.
चालू लिही, म्हटलं.

तिने लिहिलं.
मग पुढचा रकाना उघडला: ठिकाण.

चहा आला, गार झाला.
आम्ही दोघं तिथंच होतो.