जामीनदाराचा रकाना

सांवेर रोडवर आमचं शेड आहे,
पत्र्याचं, भाड्याचं.
मी खोकी करते.
शेव, चिवडा, लसणी दाणे, अर्धं इंदूर
ज्यांत बसून परगावी जातं, तसली.
वर एक कागद, खाली एक कागद, मधे नागमोडी.
भार मधला घेतो.
छपाई वरच्यावर.

पहिली सात वर्षं पाटी होती ‘सनराइज पॅकर्स’.
सूर्याला आडनाव विचारत नाही कोणी.
सियागंजातले शेठ फोनवर म्हणायचे,
‘माल एक नंबर, दीदी.’
मग बिल हातात पडायचं
आणि प्रोप्रायटरच्या ओळीवर बोट थांबायचं.
तायडे. तायडे म्हणजे?
म्हणजे अकोल्याकडचे. आजोबा मिलमध्ये, साचेखात्यात.
ते नाही हो. तायडे म्हणजे?

पुढच्या महिन्यात ऑर्डर निम्मी.
कारण, कागदाचा भाव.
तो भाव आमच्यापुरताच वाढायचा.

बँकेत मात्र सगळे सभ्य. चहासुद्धा आला.
फॉर्मवर एकच रकाना कोरा: जामीनदार.
ज्यांच्याकडे होतं ते आमचे नव्हते,
जे आमचे होते त्यांच्याकडे
मिल बंद झाल्याची नोटीस होती, घडी करून ठेवलेली.

पाटनीपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावर एक खोली.
जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्याला आधी उतरू द्यावं लागतं.
तिथे दर दुसऱ्या रविवारी
आमच्यातल्या धंदेवाल्यांचं मंडळ भरतं.
नाव लांबलचक, शिक्क्यात मावत नाही,
शेवटचा ‘ळ’ गोलाबाहेर गेलाय.
हिवराळे सर, बँकेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं.
मी गेले ती सगळं सांगायच्या तयारीने,
कोण काय म्हणालं, कसं म्हणालं.
त्यांनी धड ऐकलंही नाही.
उधारी किती दिवसांची?
नव्वद. कधी एकशेवीस.
‘मग तू खोकी विकत नाहीस, बाई.
शेठला बिनव्याजी कर्ज देतेस.’
रडू यायला हवं होतं. हसू आलं.

केलं काय त्यांनी, म्हणाल तर मोठं काही नाही.
वही सरळ करायला लावली.
लेटरहेडवर पत्र दिलं, पंचेचाळीस दिवसांत पैसे,
नाहीतर आम्ही अर्ज करतो.
शेठनी पत्र वाचलं.
माझ्याकडे नाही, शिक्क्याकडे पाहिलं,
बाहेर गेलेल्या त्या ‘ळ’कडे.
गोंडाणेंचे तीन टँकर आहेत.
त्यांनी कोऱ्या रकान्यात सही केली, वर म्हणाले,
बुडवलंस तर तिन्ही तुझ्या दारात उभे करीन.

सगळंच गोड नाही.
बुटाचे सोल करणारा अंभोरे
मंडळाचे पैसे घेऊन देवासला गेला तो गेलाच.
त्या रविवारी आवाज चढले.
सर एवढंच म्हणाले,
त्यांच्यातल्या एकाने बुडवलं तर तो एक लबाड.
आपल्यातल्या एकाने बुडवलं की आपण सगळे.
म्हणून वही.
चहाचे पैसे त्या दिवशी कोणीच काढले नाहीत,
पोऱ्या किटली घेऊन दारात उभा.

आठव्या वर्षी पाटी रंगवली: ‘तायडे कॉरुगेटेड’.
पेंटरने दोनदा विचारलं, हेच लिहू?
दोन गिऱ्हाइकं गेली.
एक परत आलं. खोक्याचा कोपरा
आमच्याइतका सरळ कोणाचा बसत नाही.

परवा एक पोरगा जिना चढून आला, धापा टाकत,
नेहरूनगरात फिनाइल बनवतो.
उभ्यानेच सुरू झाला, मॅडम, आम्ही मूळचे, आमचं आडनाव...
सरांना बरं नाही, खुर्चीत मी होते.
म्हटलं, बस. ते राहू दे.
वही आणलीस?

वही नव्हती.
त्याने पिशवीतून बाटली काढली, बूच उघडलं,
वास जिना उतरून खाली गेला
आणि चष्मेवाल्याने मान वर करून विचारलं,
काय सांडलं?