धर, रुमाल धर

अण्णा धूर बघून आजार सांगायचे.
काळा असला तर डिझेल जास्त जातंय,
निळा असला तर ऑइल वर चढतंय,
आणि पांढरा असला की नुसतेच मान हलवायचे.
मशीन नव्हतं. खिशातला रुमाल
सायलेन्सरच्या तोंडावर धरायचे, रेस द्यायला लावायचे,
मग उद्यमनगरच्या उन्हात तो उलगडून
गुजरीतला सराफ कसाचा दगड बघतो
तसे त्या वर्तुळाकडे बघत राहायचे.

माझ्याकडे मशीन आहे.
तावडे हॉटेलच्या अलीकडं जुनी ओम्नी,
आत प्रिंटर, एक नळी, नंबरप्लेटचा फोटो काढणारा कॅमेरा.
कागदावर सही माझी : वैजयंता लोहार.

धाकट्याकडे लॅपटॉप आहे.
अण्णांच्या पंप-नोझलच्या बेंचवर आता चहाचे कप.
रणधीर ट्रकच्या स्टेअरिंगखाली वायर खुपसतो,
त्याच्या डोक्यातली फाईल वाचतो,
चार आकडे बदलतो. चाळीस घोडे वाढतात.
"नाद खुळा, भावा!" म्हणत ड्रायव्हर जातो.
वर आणखी पैसे ठेवले तर
काजळी धरणारं ते जाळीचं पोळं कापून काढतो,
वेल्डिंग असं, की कंपनीनं लाजावं,
आणि फाईलीत लिहितो, पोळं जागेवर आहे.
ट्रक विश्वास ठेवतो.

पिराजी कुंभाराचंही खोटं नव्हतं.
"चिरा भरून करूळ घाट चढत हुतो, ताई.
लाईट पेटली. गाडीनं दमच सोडला.
बैलानं वाटंत बसावं तशी बसली.
मागं एस्टी, तिच्यामागं लग्नाचं वऱ्हाड,
कुणाकुणाच्या शिव्या खायच्या?
युरियाची टाकी काठोकाठ भरलेली,
आन् सेन्सर म्हणतोय रिकामी.
शोरूमवाला ऐंशी हजार म्हणला.
ज्यानं कायदा केला त्येला एकदा
माझ्या शेजारी बसवा की, रातच्याला, घाटात."

मी काही बोलले नाही.
रणधीर म्हणाला, "नळी जरा बाहेर धर. काय बिघडतंय?"
तसं मी केलंय. दोनदा.
कुणाच्या गाडीला ते सांगणार नाही.

त्या संध्याकाळी का कोण जाणे
पिराजीच्या गळ्यातला टॉवेल मागितला,
त्यालाच दिला परत, म्हटलं, धर.
रणधीरनं रेस दिली.
उसाच्या दोन ट्रॉल्या तेवढ्यात बाजूनं गेल्या
म्हणून आवाज नीट आला नाही,
पण टॉवेलवर ताटाएवढं वर्तुळ उठलं.
पिराजी बघत राहिला.
मग म्हणाला, "बायको इचारंल की हो, ह्ये काय म्हणून."

मशीननं आकडा दिला. मी छापला.
नापास हा शब्द त्यावर फारच बारीक असतो.

रणधीर पंधरा दिवस बोलला नाही.
गाळ्यामागं पोळी पडलेली असतात,
आतल्या महाग धातूसाठी एक भंगारवाला येतो,
वजन न करताच पैसे मोजतो.
त्यातलं एक उचलून मी हातावर झाडलं.
काजळ पडलं. पापणीला लावावं इतकं मऊ.
लाईट पेटवून, गाडी अडवून
ते एवढंच सांगत होतं, की माझं पोट भरलंय.
साबणानं गेलं नाही. रॉकेलनं थोडं गेलं.
भाकरी करताना नखांत दिसत होतं.

परवा कागलकडून येताना
एक दहाचाकी मला ओलांडून गेली,
चढावर, मोकळ्या दमानं.
खिडकीतनं हात आला, ओळखीचा.
कागद कुठंतरी मिळाला असणार.
मी गाडीची काच वर घेतली, मग परत खाली केली,
हात केला.
त्याच्या गळ्यात नवा टॉवेल होता,
पांढराधोप.